घरचे सगळे सावरलेत

सासूबाई जाऊन सहा आठवडे झाले, आणि धाकटी सून तेव्हापासून फोनकडे डोळे लावून बसली होती. शेवटच्या आजारात सेवाकेंद्राच्या सिस्टर घरी येत. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, "महिन्याने आमचा फोन येईल. मनात काही राहिलं असेल तर विचारा."

तिच्या मनात एकच गोष्ट राहिली होती. त्या दुपारी सासूबाई कण्हत होत्या. तिने कागदावर लिहिल्याप्रमाणे मॉर्फिनचं औषध ड्रॉपरने त्यांच्या गालात सोडलं, आणि अर्ध्या तासात त्या गेल्या. वीस वर्षं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, चहात साखर किती इथपासून भांडण. माझ्या हातून जास्त तर गेलं नाही? आणि गेलं असेल तर ते चुकून गेलं का? हा दुसरा प्रश्न ती स्वतःलाही मोठ्याने विचारत नव्हती. नवरा जहाजावर, त्याला काय सांगणार कप्पाळ!

शेवटी ती स्वतःच केंद्रात जाऊन थडकली. टेबलामागच्या बाईंनी फाइल काढली.

"फोन झालाय की पंधरा दिवसांपूर्वी. 'घरचे सगळे सावरलेत, पुन्हा फोन नको,' असं सांगितलं. म्हणून बंद केली फाइल."

"कोणी सांगितलं?"

"थोरल्या मुलाने. घरटी एकच नंबर असतो आमच्याकडे, नाव नोंदवताना सही करणाऱ्याचा."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भावजी! सही ठोकून गेले ते चार महिन्यांत दोनदा उगवले, तेही फळांची पिशवी घेऊन, पाहुण्यासारखे. आईला कोणत्या कुशीवर दुखतं ते यांना ठाऊक नाही, पण घरात कोण सावरलंय ते बरं ठाऊक! आणि या केंद्राची तरी काय अक्कल? चादरी बदलल्या मी, आणि दुःख कोणाला झालं ते सहीवरून ठरवणार?

"सिस्टरना बोलवा," ती म्हणाली. "तोवर मी इथून हलणार नाही."

सिस्टर आल्या. तिने एका दमात सगळं विचारून टाकलं, दुसरा प्रश्नसुद्धा. सिस्टरनी फाइलमधून औषधाचा तक्ता काढला.

"अक्षर तुमचंच ना? त्या दिवशी सकाळी नऊला लिहिलंय तुम्ही, पाय गार, श्वास थांबून थांबून येतोय. तेव्हाच निघाल्या होत्या त्या, ताई. आणि उरलेली बाटली आम्हाला मोजूनच परत न्यावी लागते. मी त्याच संध्याकाळी मोजली. एक थेंबही जास्त गेला नव्हता."

"त्याच संध्याकाळी? म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो. पण तुम्ही हे मनात घेऊन बसलात, ते माहीत नव्हतं."

एवढ्या एका वाक्यासाठी सहा आठवडे ती स्वतःला खुनी समजून भांडी घासत होती. तिने टेबलावरचा फोन ओढला आणि भावजींचा नंबर फिरवला.

"अरे वा, कशी आहेस?" भावजी म्हणाले.

"मी सावरलेली नाही," ती म्हणाली. "भावजी, मी अजून रडलेसुद्धा नाही. तुम्ही मला न विचारता सांगून मोकळे झालात. आता फोन ठेवायचा नाही. ऐका."

आणि तिथेच, टेबलाला धरून, ती हमसून हमसून रडू लागली.