नांगी मोडणारा

मी एक विकर, म्हणजे एन्झाइम, बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, मी दिसणार नाही. डॉक्टर लोक मला अल्कलाइन फॉस्फटेज म्हणतात. एवढ्या लांब नावाचा माणूस तुमच्यात असता, तर तुम्ही त्याचा केव्हाच बंड्या करून टाकला असता. मुक्काम लहान आतड्यात, अस्तराच्या अगदी कडेला. आतडं एका बाईचं, आणि ही बाई उंच टॉवर क्रेन चालवते. माझं आयुष्य जेमतेम काही दिवसांचं. ज्या पेशीवर बसलोय ती झडली, की मीही चाललो. त्याआधीचं जे सांगेन, ते माझ्या आधीच्यांकडून ऐकलेलं. तरी नरमाईने बोलणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. बहुतेक गुण्यागोविंदाने राहतात, पण काहींच्या कवचात जहर असतं. त्याचे तुकडे भिंतीपाशी आले, की मी त्यांच्यावरचा फॉस्फेटचा कण खुडून टाकतो. झालं, नांगी मोडली! मग खुशाल फिरा म्हणावं.

पण जहर माझ्या हातून निसटून आत शिरलं, की शरीराचे सैनिक पेटून उठतात. परक्याला मारता मारता आपलीच भिंत फोडतात. सूज येते, कळा येतात, रक्त पडतं. यालाच तुम्ही दाह म्हणता. पेशींच्या आत कॅटलेज नावाचं आणखी एक विकर राबतं. त्या मारामारीत जे जळजळीत रसायन तयार होतं, त्याचं ते पाणी करतं, अक्षरशः पाणी. आम्हाला गणवेश नाही की बिल्ला नाही. कुणी विचारतही नाही.

बाईचा आतड्याचा आजार जुना. औषध चालू होतं. पण केबिन आभाळात आणि संडास जमिनीवर, त्याला औषध काय करणार? ती उतरली की हुक थांबतो, आणि हुक थांबला की गवंडी, फिटर, सगळे हाताची घडी घालून वर बघत बसतात. तिथे क्रेनवर बसलेली ती पहिलीच बाई. "बाईमाणूस आहे, सारखी उतरत बसणार," असं मुकादम पहिल्याच दिवशी बोलला होता. ते तिच्या जिव्हारी लागलं, आणि तिने अजब तोडगा काढला. कामावर खायचंच नाही. पोटात काही नसलं की उतरायलाच नको. वर स्वतःची समजूत घालायची, की आतड्याला तेवढाच आराम!

आराम कसला, डोंबलाचा! अन्न येत राहिलं तर पेशी आम्हाला घडवत राहतात. दाहाने आमची फळी आधीच पातळ केली होती, त्यात ही उपासमार. आजूबाजूच्या जागा रिकाम्या पडत गेल्या. मी बसल्या जागेवरून कुठवर पुरा पडणार? मला राग आला. तिचा आला, आणि मुकादमाचा त्याहून जास्त आला.

तिचा नवरा शिंपी. रोज सकाळी तोच डबा भरायचा, मऊ भात आणि उकडलेलं अंडं. डबा चाटूनपुसून रिकामा परत यायचा, म्हणून स्वारी खूश असायची. मग एके दिवशी ताप चढला, रक्त पडलं, आणि तो तिला घेऊन दवाखान्यात धावला.

"खाणं कसं आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खाणं झकास आहे हो," नवराच बोलला. "डबा रोज रिकामा येतो."

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आमच्या क्रेनवरची कबुतरं बघितलीयत का तुम्ही? धड उडता येत नाही मेल्यांना आता."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पडला. "अगं, मी अंडं सोलून देत होतो... कबुतरांना?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी औषध बदललं आणि बाईकडे बघून म्हणाल्या, "उपाशी ठेवलं म्हणून आतडं शांत होत नाही. बचाव करणारं आत जे काही आहे ना, तेही अन्नावरच उभं असतं. सोसेल ते, थोडं थोडं, पण खायचं."

"आणि उतरावं लागलं तर?"

"तर उतरायचं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण बोलणं माझ्याबद्दलच होतं, आणि मी भरून पावलो.

दोन दिवसांनी जरा बरं वाटल्यावर बाई पुन्हा केबिनमध्ये चढली. कबुतरं काचेशी येऊन बसली. "आज काही मिळायचं नाही," तिने ठणकावलं आणि स्वतः घास घेतला. अर्धा डबा झाला असेल नसेल, तोच कामाची हाक आली. लोखंडी सळ्यांचा भारा हुकाला लटकत असताना पोटात कळ आली. पूर्वीची ती दात आवळून बसली असती. हिने भारा अलगद जमिनीवर टेकवला आणि वॉकीटॉकी उचलला. त्यावर बोललेलं सगळ्या साइटला ऐकू जातं.

"क्रेन थांबवतेय. मी खाली येतेय."

"आत्ता? काय झालं हो ताई?" मुकादमाचा आवाज.

"आतड्याचा आजार आहे मला. संडासला जातेय. परत येईन. पुन्हा लागली तर पुन्हा उतरेन. कुणाची हरकत असेल, तर त्याने वर यावं आणि चालवावी क्रेन!"

ती उतरली, जाऊन आली आणि पुन्हा शिडी चढली. तोवर केबिनकडे कुणीही फिरकलं नव्हतं.

दाह गेलेला नाही, तो पुन्हा उसळेल. माझी पेशी आता सैल झालीय, उद्यापर्यंत मी नसेन. माझ्यासाठी हळहळू नका. माझ्या जागी जो येईल त्याच्यासाठी एवढंच हक्काने मागतो, की त्याला उपाशी मारू नका. बाकीचं आम्ही बघून घेऊ.

हे बघा, तिने उरलेलं अर्धं अंडं तोंडात टाकलंय. आता येऊ द्या जहर.