घुमटावरचा हिरवा रंग

विमानाच्या मॉडेलवरचा जुना रंग कसा काढायचा, ते दुकानदाराने बिलाच्या पाठीवर लिहून दिलं ते असं:

एक. घुमट विमानापासून सोडवा.

लिहायला काय जातं! बोटाच्या दोन पेरांएवढा तो प्लास्टिकचा पारदर्शक घुमट, वैमानिकाच्या डोक्यावर बेचाळीस वर्षांपूर्वी चिकटवलेला. पारदर्शक म्हणायचा आपला. वरून गडद हिरव्या रंगाचा थर असा बसला होता की आत वैमानिक आहे की घूस, कळायला मार्ग नव्हता. दोघा भावांतल्या थोरल्याने पातळ पातं फटीत सरकवलं, श्वास रोखला, आणि तासाभराने ‘टक्’ झालं. आयुष्यभर त्याने दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. लोकांचं हसू घासूनपुसून त्यांच्या तोंडात परत बसवलं होतं. हात अजून शाबूत होता. बघायला कोणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

दोन. ब्रेक ऑइलमध्ये बुडवा, बरणीला झाकण लावा. दोन दिवस उघडू नका.

त्याने चौदा वेळा उघडलं. निवृत्त माणूस, दोन खोल्या, एक खुर्ची, करणार काय?

“नेलपॉलिश काढायचं औषध चुकूनही वापरू नका, काका,” दुकानदाराने बजावलं होतं. “एक थेंब पडला तरी मोतीबिंदू झाल्यासारखं पांढरं होईल. मग बसाल रडत.”

“रडायलाही सोबत लागते,” थोरला म्हणाला.

दुकानदाराला तो विनोद वाटला. तो मनापासून हसला.

तीन.

तिसरी ओळ दुकानदाराने लिहून खोडली आहे. जागा रिकामीच आहे, तर तिथे हे सांगून टाकू.

थोरला एकोणीस वर्षांचा होता, धाकटा भाऊ अकरा. थोरल्याने सहा महिने खपून हे विमान केलं. आतल्या वैमानिकाला मिशी काढली. मिशीचा एक आकडा दुसऱ्यापेक्षा किंचित लांब झाला, तो त्याने मुद्दाम तसाच ठेवला. प्रदर्शनाच्या सकाळी अंघोळ करून बाहेर येतो तर काय, घुमट अख्खा हिरवा! खिडकीच्या गजांना लावायचा रंग. शेजारी ब्रश हातात धरून धाकटा. आणि दारात प्रदर्शनाला निघालेले चार मित्र.

चौघांदेखत थोरल्याने त्याच्या थोबाडीत दिली.

“का केलंस?”

धाकटा गप्प.

“जळतोस माझ्यावर! सॉरी म्हण.”

नाही म्हणजे नाही. ओठ घट्ट मिटलेले, गालावर चार बोटं उठलेली.

अठराव्या वर्षी धाकटा घराबाहेर पडला तो पडलाच. आधी वडील गेले, मग आई. दोन्ही वेळा भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले, पाहुण्यांसारखे. आता वर्षातून एकदा, थोरल्याच्या वाढदिवसाला, फोन येतो. तो सगळा इतकाच:

“बरा आहेस ना?”

“बरा. तू?”

“मीही. ठेवतो मग.”

त्यानंतरही थोरला फोन जरा वेळ कानाशी धरून ठेवतो. बोलायला हजार गोष्टी आहेत. पण आधी ते सॉरी यायला हवं. एकदा ते आलं की...

चार. जुन्या टूथब्रशने, साबणाच्या कोमट पाण्यात, हलक्या हाताने.

हिरवी साल सुटायला लागली. आधी कडेने, मग मोठ्या पापुद्र्यांनी. बशीतलं पाणी डबक्यासारखं झालं. खालून पारदर्शक प्लास्टिक लखलखत वर आलं, आणि बरोबर मध्यभागी एक धुरकट डाग. घासला, जाईना. पुन्हा घासला.

तो रंग नव्हताच. गोंद लागलेलं बोट प्लास्टिकवर टेकलं की प्लास्टिक विरघळतं आणि ठसा कायमचा बसतो. हा तसा ठसा होता. अंगठ्याचा.

‘म्हणजे रंगवण्याआधी हातही लावला होता कार्ट्याने!’ थोरल्याला जवळजवळ आनंद झाला. सापडला चोर. त्याने भिंग काढलं.

चार. (तीच पायरी. ब्रश बाजूला.)

दातांचे ठसे बघण्यात ज्याची हयात गेली, त्याला काय सांगावं? अकरा वर्षांच्या पोराचा अंगठा एवढा रुंद नसतो. शिवाय त्या बारीक रेघांना कापत एक तिरका चरा गेला होता.

थोरल्याने आपला उजवा अंगठा दिव्याखाली धरला. डब्याच्या झाकणाने कापलेलं; तेव्हा तो सतरा-अठराचा असेल. चरा तोच, तितकाच तिरका.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, मिणमिणत्या दिव्याखाली, आनंदाच्या भरात त्याने स्वतःच घुमट दाबून बसवला होता.

त्याने भिंग खाली ठेवलं. मग वाढदिवस नसताना फोन लावला.

“दादा? काय झालं? कोणी गेलं का?”

“जायला उरलंय कोण? आपण दोघंच.”

“मग?”

“ते विमान... घुमटावरचा रंग काढला मी आज. खाली माझा अंगठा निघाला.”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

“सकाळी उजेडात दिसला मला,” धाकटा म्हणाला. “तू अंघोळीला गेला होतास. पुसायला गेलो तर पुसेना. म्हटलं, झाकून टाकू. लढाऊ विमान हिरवंच असतं, कोणाला कळतंय.”

“मग सांगितलं का नाहीस? एवढा मार खाल्लास!”

“सांगितलं असतं तर तुला कळलं असतं ना.”

थोरल्याने घुमट उचलून हातात घेतला.

“त्या चौघांसमोर?” धाकटा पुढे म्हणाला. “सहा महिने खपला होतास तू. आणि नंतर, खरं सांगू, रागच आला. म्हटलं, एकदा नीट विचारेल.”

“चुकलं माझं.”

हे शब्द थोरल्याच्या तोंडात नव्या कवळीसारखे बसले, टोचत.



“वैमानिक दिसतो का रे?” धाकट्याने विचारलं.

“दिसतो. पण अर्धी मिशी अंगठ्याखाली गेलीय.”

“कुठली? लांबडी?”

“लांबडीच.”

“घासून काढ मग. तुझा तर धंदाच तो.”

“बघू.”

“बरं. भात लागेल खाली. ठेवतो.”

फोन ठेवला गेला. थोरल्याने नेहमीसारखा तो जरा वेळ कानाशी धरला.

पाच. बारीक पॉलिशने घासून चकचकीत करा.

पॉलिशची डबी त्याने उघडली नाही. घुमट पुसला, विमानावर नुसता टेकवला, आणि विमान खोलीकडे तोंड करून ठेवलं. आत वैमानिक अर्ध्या मिशीने बघत होता. खोलीत खुर्ची एकच होती.