डावा गाल

आजाराने माझा अर्धा चेहरा नेला आणि अर्धा ठेवला. एका सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. डावी भुवई, डावा गाल, ओठाची डावी कड, सगळं उताराला लागलेलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. थोडं आलं, बाकीचं राहिलं. मग म्हणाले, आता याची सवय करून घ्या. सांगायला काय जातंय!

आमचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. कोरायचं मी, काउंटरवर बोलायचंही मी. गिऱ्हाईक माझ्या तोंडामुळे येतं असं हे म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी कधी विचारलं नाही. आजारानंतर मी मागच्या खोलीत जाऊन बसले, अर्ध्या तोंडावर रुमाल ओढून. काउंटरवर हे गेले. मूग गिळून बसणारा माणूस. गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागायचं की दुकान उघडं आहे ना.

लेक नोकरीसाठी दूर असते. तिला मी 'तोंडाला जरा वारं लागलंय' एवढंच सांगितलं होतं. फोनवर ती चेहरा दाखव म्हणाली की माझा कॅमेरा बिघडलेला असायचा. आता ती म्हणाली, "महिनाअखेर येतेय." ती दचकणार. चटकन लपवेलही, पण मला कळल्याशिवाय राहायचं नाही. जिला पोटात वाढवलं तिच्या डोळ्यांत स्वतःची कीव बघायची माझी छाती नव्हती. येऊ नकोस म्हणावं, असंही मनात येऊन गेलं.

त्याच दुपारी मला भयंकर राग आला. लेकीवर नाही, या गालावर. म्हटलं, बघू तरी काय एवढं भेसूर झालंय ते. आरसा गोंदाच्या बाटलीला टेकवला, रुमाल काढला आणि हाताला लागला तो रबराचा मोठा तुकडा घेऊन कोरायला बसले. हल्ली शिक्के मशीन करतं. माझी कोरणी नुसती पडून असायची. आयुष्यभर मी साहेबांची नावं, हुद्दे आणि पत्ते कोरले. स्वतःसाठी कधी एक रेघ ओढली नव्हती. रबराची पहिली ढलपी निघाली आणि हात असा चालू लागला, जसं त्याला कुणी कोंडून ठेवलं होतं.

तीनचार दुपारी गेल्या. शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि सोलून काढला. बाई बरी उतरली होती. यांना हाक मारली.

हे बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "छान आहे. पण गाल चुकलाय."

"काय चुकलाय?"

"अगं, तुझा डावा गाल उतरलाय. तू उजवा उतरवलास."

"अहो, मी आरशात बघून केलंय! माझा गाल मला माहीत नाही?"

"मी रोज समोरून बघतो," हे म्हणाले आणि काउंटरवर निघून गेले.

मी गालाला हात लावला. डावाच होता. आणि मग माझी मलाच लाज वाटली. आमच्या धंद्यात समोरचं अक्षर उलटं कोरतात, म्हणजे कागदावर सुलटं येतं. आरसा मुळातच उलटं दाखवतो. आरशातलं होतं तसंच कोरायला हवं होतं, छाप आपोआप सुलटा आला असता. पण माझ्या हाताने सवयीने तेही फिरवलं. शिकाऊ पोराने जे आपसूक बरोबर केलं असतं, ते मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने बिघडवलं.

पुन्हा बसले. दिसतं तसंच कोरायचं म्हटलं, तर हात ऐकेना. नाक गेलं वाया, मग एक डोळा. दोन तुकडे कचऱ्यात गेले. शेवटी एकच उपाय उरला. सवयीवर न सोडता प्रत्येक रेघेला आधी आरशात बघायचं, मग कोरणी टेकवायची. म्हणजे ज्या गालाकडे मी इतके महिने डोळेझाक केली, त्याच्याकडे आता तासन्‌तास टक लावून बसणं आलं. सुरुवातीला रडू आलं. मग रडण्यापेक्षा भुवईची खालची कड कुठे वळते याची काळजी जास्त वाटू लागली.

या वेळी कागद सोलला. समोर एक अनोळखी बाई होती. एक बाजू थकून बसलेली, दुसरी भांडायला उभी. हे रोज समोरून हिलाच बघत होते तर. मला वाटलं होतं तशी ती भेसूर नव्हती. काउंटरवर बसवली असती तर दोन गिऱ्हाइकांना तिने नक्की सुनावलं असतं. मला ती आवडली. हे कबूल करताना संकोच वाटतो, पण आवडली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी कॅमेरा लावला आणि फोन तोंडासमोर धरला.

ती बघतच राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती हमसून रडायला लागली. मला वाटलं, झालं, ज्याला भीत होते तेच झालं.

"आई, एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच होतं? मला वाटलं तू... तू दिसतच नव्हतीस गं. बाबा पण काही बोलायचे नाहीत. मला वाटलं तुम्ही मला शेवटी बोलावणार, सगळं संपल्यावर."

मी तिच्या डोळ्यांना भीत होते. तिने इतके महिने डोळ्यांसमोर काय आणलं असेल, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"एवढंच काय एवढंच!" मी ओरडले. "नीट बघ आधी. डावा गाल बघ."

तिने नाक पुसलं, फोन अगदी जवळ घेतला आणि बघत बसली. मी बघू दिलं.