तो आवाज सुरुंगाचा नव्हता

मंडळी, जेवताना फोन, झोपताना फोन, देवापुढे हात जोडले तरी खिशात फोन! चार दिवस यातून सुटावं असं आपल्यापैकी कुणाला वाटत नाही? जिग्नेश शेठने हीच नस बरोबर पकडली होती. तलासरीकडच्या आपल्या चिकूवाडीत त्याने पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. गावरान दिसाव्यात म्हणून भिंती दगडमातीच्या आणि वर जड कौलं. वायफाय नाही, टीव्ही नाही, पेपरसुद्धा नाही. पाहुण्यांचे फोन वाडीच्या जीपमध्ये चढतानाच एका पेटीत जायचे आणि निघतानाच परत मिळायचे. मुंबईकर खूश होते.

मग दोन हजार अठराची दिवाळी झाली आणि जमीन हलू लागली. आधी पोटातून गडगड यायची, मागोमाग धक्का. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर माणसांनी घरात झोपणं सोडलं. भर थंडीत शेतात ताडपत्र्या बांधून लेकराबाळांसकट ती बाहेर राहू लागली. आणि आमच्या शेठने काय करावं? कामाच्या माणसांना ताकीद दिली. "पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं, खाणीत सुरुंग लावतात. समजलं ना?"

माणसं समजली. पोट कुणाला सुटलंय?

जानेवारीतल्या एका दुपारी नविन, त्याची बायको शितल आणि त्यांची सहा वर्षांची परी डहाणू रोडला उतरून जीपने वाडीवर आली. वाटेत शेतात निळ्या ताडपत्र्या दिसल्या.

"बघ गं, इथे अख्खं गावच कॅम्पिंगला!" नविन हसून म्हणाला. फोटो काढता आला नाही म्हणून शितल हळहळली. फोन तिने आधीच पर्समधून काढून जीपवाल्याकडे दिला होता. ताडपत्रीखाली चूल कशाला आणि तान्हं पोर कशाला, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

जेवणं झाली. परी खोलीत झोपली. स्वयंपाक करणारी शुक्री भांडी घासत होती, तोच फळीवरची ताटं आपोआप खुळखुळली. भिंतीतून चिमूटभर माती गळली.

"काय झालं?" शितल दचकून बाहेर आली.

"सुरुंग, मॅडम. खाणीचा," जिग्नेश हसत म्हणाला. "इथे रोजचंच आहे."

शितल परत आत गेली. शुक्रीने मात्र हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ती शेठला विहिरीकडे घेऊन गेली.

"शेठ, आज धाकली पोर हाय आत. त्यांना बाहेर काढ."

"तुला कामावर राहायचंय ना? मी त्यांना शांतता देतो. उगाच घाबरवून काय मिळणार?"

"फोन घेतलास ते बरा केलास. माणसा एकमेकांशी बोलतात, मी बघते ना. पण फोनासंगती त्यांची खबर पण काढून घेतलीस! त्यांना ठावं असतं तर ती आली असती का?"

"अगं, काही होत नाही. दोन महिने हलतंय, एक कौल तरी पडलं?"

शुक्री शांतपणे म्हणाली, "तुझी दोन्ही पोरा वापीला मामाकडं धाडलीस. तुझी बायको पण गेली. शाळा चालू असताना. ती काय सुरुंगाला भिऊन गेली?"

आपलं पाप असं कुणी भर दुपारी समोर मांडलं की माणूस कुठे बघणार? जिग्नेश खोलीच्या बंद दाराकडे बघू लागला. आत दुसऱ्याची मुलगी झोपली होती.

तो पळतच गेला आणि त्याने दार ठोठावलं. "साहेब, बाहेर या! मी खोटं बोललो. हे सुरुंग नाहीत, भूकंप आहेत. दोन महिने झाले!"

नविन संतापला. त्याने शेठची कॉलर धरली. शितलने मात्र झोपलेली परी खांद्यावर घेतली आणि ती आंब्याखाली, मोकळ्यात जाऊन बसली. फोन परत मिळाले तेव्हा भूकंपाची बातमी ऐकलेल्या तिच्या भावाचे नऊ कॉल येऊन गेलेले होते.

सामान जीपमध्ये चढत असतानाच, दिवस कलताना, ती गडगड पुन्हा आली. या वेळी ती थांबली नाही. कुत्री केकाटली, विहिरीचं पाणी हिंदकळलं आणि खोलीची मागची भिंत कौलांसकट आत बसली. नेमकी पलंगावर! धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. परी जागी होऊन रडू लागली. जिग्नेश मट्‌कन खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

"मी मारणार होतो हिला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करून खरं सांगितलं. बहुतेकांनी येणं रद्द केलं. खोल्यांना कुलूप लागलं, आणि वाडीची मोकळी जागा पाड्यावरच्या माणसांच्या ताडपत्र्यांना मिळाली.

बंधुभगिनींनो, इंटरनेटपासून चार दिवस जरूर सुटा. पण जिथे जाल तिथल्या माणसांपासून सुटू नका. ती अंगणात का झोपतात, एवढं तरी विचारा. आणि ज्याच्या दारी पाहुणा येतो, त्याने शांततेच्या नावाखाली धोका झाकू नये.

त्या संध्याकाळी निघताना शितलने शुक्रीचे हात धरले. "मावशी, हे कधी थांबणार?"

"कोण सांगणार, बाय? धरती काय सांगून हालत नाय," शुक्री म्हणाली. "माणसाला तरी तोंड हाय. त्याने सांगावा."