हरिहरपंतांचे लख्ख ताट

"ज्याला मनातले बोलता येते, त्याने जग जिंकले," असे हरिहरपंत पाद्री बेनितोच्या ओसरीवर अस्खलित स्पॅनिशमध्ये म्हणाले, आणि लगेच मराठीत विचारते झाले की मागच्या दाराने जाता येईल का. कारण समोरच्या रस्त्याने त्यांच्या मातोश्री देवळातून परतत होत्या.

पंत ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत कारकून होते. तिथे पोर्तुगीजांच्या वेळचे जुने कागद सापडले होते, आणि ते वाचू शकेल त्याला साहेब बढती देणार अशी बोलवा होती. म्हणून पंतांनी तळ्याकाठच्या पाद्रीला गाठले. तुम्ही मला तुमची भाषा शिकवा, मी तुम्हाला मराठी शिकवतो, असा सौदा ठरला. पाद्री स्पेन देशचा निघाला. पण पोर्तुगाल शेजारीच आहे हे कळल्यावर पंतांचे समाधान झाले. ठाण्याच्या माणसाला कल्याणचे बोलणे कळते, तसेच हे असणार.

पहिल्याच धड्यात दोघांची गट्टी जमली. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडते. 'ले गुस्ता' म्हणजे त्याला किंवा तिला आवडते. 'मे दुएले', मला दुखते. पाद्रीचे म्हणणे असे की इंग्रज माणूस आवडायचे काम स्वतः करतो, जणू उपकारच करतो. तुमच्याकडे आणि आमच्याकडे मात्र वस्तूच येऊन आवडते, माणूस आपला नुसता बसलेला असतो. बसून राहण्याची ही तऱ्हा पंतांच्या प्रकृतीला फार मानवली. थोड्याच दिवसांत त्यांना तळे, आंबा आणि पाद्रीचे मांजर हे सगळे स्पॅनिशमध्ये आवडू लागले.

एकदा पाद्रीने विचारले, तुमच्या पत्नीला काय आवडते? पंतांनी न अडखळता सांगितले: मोदक, साखरभात, आमरस, बासुंदी. हे चारही पदार्थ पंतांना स्वतःला आवडत. पाद्री ब्रह्मचारी. त्यालाही काही खटकले नाही.

घरी मात्र मराठी होती, आणि तिथेच अडचण होती. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. मग आईदेखत तिच्या स्वयंपाकाची तारीफ करणे म्हणजे निर्लज्जपणाच. पंत मान खाली घालून जेवत आणि ताट असे चाटूनपुसून साफ करत की धुऊन मांडल्यासारखे दिसे. ते उठले की रीतीप्रमाणे त्यांची पत्नी सुमतीबाई त्याच ताटावर जेवायला बसत. लख्ख ताट ही आपण तिच्या हाताला दिलेली पावती आहे, असे पंत इतकी वर्षे समजत होते.

त्या दिवशी मागच्या दाराने जाऊन काही साधले नाही. मातोश्री घरी पोचून ओसरीवर बसल्याच होत्या. पाद्रीकडचा विटाळ म्हणून त्यांनी पंतांना आधी विहिरीवर पिटाळले आणि मग बेत सांगितला. कल्याणला पंतांच्या धाकट्या भावाची, त्र्यंबकची, बायको अंथरुणाला खिळली होती. घर सांभाळायला वर्ष-दोन वर्षे सुमतीला तिकडे पाठवायचे. चतुर्थी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने. सुमतीने गाठोडेही बांधले होते.

"इथलं कसं व्हायचं?" पंतांनी विचारले.

"मी आहे की. आणि तुला रे काय फरक पडतो?"

"तसं नाही, पण..."

"हरी, तुझे वडील तोंडाने कधी काही बोलले नाहीत. पण त्यांच्या ताटावर बसले की माझ्यासाठी एक घास ठेवलेला असायचा. रोज. तुझ्या ताटात तिला आजवर शीत सापडलं नाही. ती काय समजायचं ते समजली, मीही समजले. तुला कुणी दोष देत नाही हो."

पंतांच्या ओठांवर 'मे गुस्ता' आले. पाठोपाठ 'मे दुएले'ही आले. मराठी काही येईना.

"काय पुटपुटतोस?"

"जप," पंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माघी चतुर्थी. सुमतीबाईंचे मोदक म्हणजे पाकळी पाकळी मोजून घ्यावी असे. पंतांनी एकामागून एक संपवले आणि शेवटच्यापाशी त्यांचा हात थांबला. मोदकावरचे तूप अजून चकाकत होते. हात एकदा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी पंतांनी हात पाठीमागे नेऊन ठेवला.

"हे काय, आवडला नाही वाटतं?" मातोश्रींनी विचारले.

"पोट भरलं," पंत म्हणाले. ते भरले नव्हते.

मातोश्रींनी ताटाकडे बराच वेळ पाहिले. मग आत हाक दिली, "सुमती, ताटावर बस गं. आणि ते गाठोडं सोड. कल्याणला मीच जाईन म्हणते."

मातोश्री कल्याणला न्यायची लुगडी काढायला माडीवर गेल्या. पंत ओसरीवर टेकले होते. तेवढ्यात सुमतीबाई विडा घेऊन आल्या. एरवी तबक ठेवून त्या मागच्या पावली जात. आज दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. पंत सावरून बसले. इतक्या वर्षांचे काहीतरी आता बोलले जाणार, हे त्यांना कळले.

"एक सांगायचं होतं," पायाच्या अंगठ्याकडे पाहत सुमतीबाई म्हणाल्या.

"बोल."

"मोदक ठेवणं झालं, तो मी खाल्ला. पण उद्यापासून ठेवणं व्हायचंच असेल, तर लोणच्याची फोड ठेवावी. मला गोड आवडत नाही."