शकुबाईच्या हातातली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. मित्रांनो, जवळा बाजारला माणिकराव पाटलांच्या घराच्या ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीच्या जागेत, खिडकीजवळच्या खुंटीला मी टांगलेली असते. माझ्या एका पात्यावर गंजाने बारीक खड्डे पाडले आहेत. मूठ हाताला रुतू नये म्हणून तिला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे. दिसायला मी काही देखणी नाही, पण ऐकाल तर माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म हिंगोलीचा. एका मोटारीच्या स्प्रिंगचा मोडका पाटा लोहाराच्या दारात पडला होता. त्या पोलादाला त्याने भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठोकलं आणि दोन पाती घडवली. नुसती पाती म्हणजे दोन सुऱ्याच. मधोमध खिळा बसला तेव्हा कुठे मी कात्री झाले.

शेख महेबूब मास्तरांनी मला मुद्दाम सांगून घडवून घेतलं होतं. ते कचेरीतल्या लोकांच्या शेरवान्या शिवायचे. काळं, जाड, महागाचं कापड मी त्यांच्या हातात सरसर कापायची. कापड संपेपर्यंत मास्तर श्वास सोडत नसत आणि संपलं की मला गालाला लावून म्हणत, "वा, मख्खन." त्या कौतुकाने माझं पातं आणखी चकाके.

मास्तरांच्या शेजारच्या घरात शकू नावाची मुलगी होती. ती त्यांच्या पायरीवर बसून खाली पडलेल्या चिंध्या वेची आणि बाहुलीचे अंगरखे शिवी. मास्तरांनी तिला कधी शिकवायला म्हणून बसवलं नाही, पण कधी हाकललंही नाही. ती पाहत राहिली आणि पाहता पाहता शिकली. पुढे तिचं लग्न झालं आणि ती शकुबाई होऊन जवळा बाजारला माणिकरावांची सून म्हणून गेली.

काही वर्षांत मास्तरांची नजर अधू झाली. शकुबाई दिवाळीला माहेरी आली, तेव्हा त्यांनी तिला हाक मारून मला तिच्या ओंजळीत ठेवलं.

"मेरे कू अब लकीर दिखती नै, बेटी. तू लेके जा इसकू."

"मी नेऊन काय करू, चाचा? आमच्या घरात कुनी शिवत न्हाई."

"तू सीती है ना," मास्तर म्हणाले.

शकुबाईने मला पदरात गुंडाळलं. त्या दिवसापासून मी तिची झाले.

त्या काळी गावात बायकांना झंपराची हौस लागली होती. पण शिवणार कोण? गावात संतराम शिंपी होता. माणूस भला, पण परक्या बाईच्या अंगाचं माप तो कसं घेणार? बायका नमुन्याला जुनी चोळी पाठवीत, नाहीतर संतराम अंगणातून लांबूनच बघून अंदाज बांधी. मग कुणाचं झंपर खांद्यावरून घसरे, तर कुणाला काखेत करकचे. शकुबाईने पहिलं झंपर स्वतःचं शिवलं. ते घालून ती पाण्याला गेली आणि आडावर बायकांनी तिला घेरलं. दुसऱ्या दिवशी तीन-चार जणी काखोटीला कापड मारून मागच्या दाराने आल्या.

सासऱ्यांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "शिंप्याचं काम आपल्या घरात न्हाई. लोक काय म्हनतील?"

शकुबाई दाराआडून बोलली, "मामंजी, बायाचं माप बायानंच घ्यावं. यात कुनाची बेअब्रू व्हती ते सांगा, मी कात्री ठिवून देते."

माणिकरावांनी रागाने ताट बाजूला सारलं. "घरात कर काय करायचं ते," ते म्हणाले. "बाजारात बसायचं न्हाई."

शकुबाईचा नवरा सोनाजी शांत स्वभावाचा होता. त्याने दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत शेणाने सारवून जागा करून दिली. तिचं दुकान सुरू झालं ते असं.

आता एका चुकीबद्दल सांगते. गावातल्या द्वारकाबाईंनी मुलीच्या लग्नासाठी नांदेडहून रेशमी कापड आणवलं होतं. झंपर शकुबाईने शिवावं, असं त्यांनी मोठ्या विश्वासाने सांगितलं. रेशीम पायाखालच्या सापासारखं निसटतं. शकुबाई घाईत होती, कापड सरकलं आणि मी जिथे थांबायचं तिथे थांबले नाही. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड झाली. उरलेलं कापड तळहाताएवढंही नव्हतं.

शकुबाईने मला खाली ठेवलं आणि ती नुसती बसून राहिली. त्या वेळी पडवीच्या पायरीवर पारुबाई टेकलेली होती. पारुबाई जवळच्या तांड्यावरची. रानातला डिंक विकायला ती बाजारला येई आणि पाणी प्यायला इथे थांबे. तिच्या अंगावरच्या कपड्यांवर रंगीत दोऱ्यांचं आणि बारीक आरशांच्या भिंगांचं काम असे. ते सगळं तिच्या स्वतःच्या सुईचं होतं.

"काहून अशी बसली, बाई?" तिने विचारलं.

शकुबाईने दोन्ही बाह्या तिच्यापुढे धरल्या. पारुबाईने त्या उलटसुलट करून पाहिल्या. "दुसरी बी आखूड कर," ती म्हणाली. "दोनीला खालून पट्टी लाव. पट्टी मी भरून देते."

"नवरीच्या अंगावर तांड्याचं काम? द्वारकाबाई मला जित्ती ठिवायच्या न्हाईत."

"मंग इचार त्याइला. लपवून शिवू नको."

दोघी द्वारकाबाईंच्या घरी गेल्या. शकुबाईने झालं ते सरळ सांगितलं. द्वारकाबाई पुष्कळ बोलल्या. लग्नघर होतं, त्यांचंही काही चुकलं नाही. पण नवरी मुलगी आतून बाहेर आली आणि पारुबाईच्या बाहीवरची भिंगं बोटांनी चाचपत म्हणाली, "आई, मला हे पायजे."

मित्रांनो, त्या दिवशी दुसरी बाही कापताना शकुबाईने मला इतकं हळू चालवलं, की कापडाचा एकेक धागा तुटताना मला कळत होता. पारुबाईने पट्ट्या भरल्या. लग्नात मांडवातल्या बायकांची नजर नवरीच्या बाह्यांवर होती. द्वारकाबाईंनी शकुबाईला जेवायला वाढताना एवढंच म्हटलं, "पोरीला शोभून राहिलं."

त्यानंतर त्या दोघी भागीदार झाल्या. शकुबाई कापायची आणि जोडायची, पारुबाई भरायची. लहान लेकरांच्या कुंच्या, टोपडी, झबली आधीच शिवून ठेवायची आणि आठवडी बाजारात विकायची, ही युक्ती पारुबाईची. लोक तेव्हा कापड घेत आणि मग शिवायला टाकत. तयार कपडा पाहून बाया आधी हसल्या. "कुनाचं माप हाय हे?" असं विचारू लागल्या. पारुबाई सांगायची, "जे लेकरू रडून राहिलं, त्याचं माप हाय." बाया हसत हसतच घेऊन जात.

बाजारात पारुबाईच बसे, कारण शकुबाईला मनाई होती. पण एका बाजाराच्या दिवशी पारुबाईला ताप भरला. गाठोडं भरून माल तयार होता. शकुबाईने थोडा वेळ वाट पाहिली, मग गाठोडं डोक्यावर घेतलं, मला कमरेला खोचलं आणि बाजारात जाऊन गोणपाट अंथरलं.

दुपारी माणिकराव बाजारात आले. त्यांनी सुनेला पाहिलं. शकुबाईने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. समोर एक गिऱ्हाईक कुंची उलटी करून घासाघीस करत होतं. माणिकराव पुढे आले, त्यांनी ती कुंची हातात घेतली, तिची शिवण ओढून पाहिली आणि त्या माणसाला म्हणाले, "भाव बराबर हाय. घ्यायचं तं घ्या." मग काठी टेकत ते निघून गेले. घरी ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण मनाईही पुन्हा कधी झाली नाही.

ती माझी सुखाची वर्षं होती. रोज संध्याकाळी शकुबाई मला पुसायची आणि खिळ्यात करडईच्या तेलाचा थेंब सोडायची. आसपासच्या गावांतून, हट्ट्याहून, औंढ्याहून बाया येऊ लागल्या.

मग ते वाईट दिवस आले. देश स्वतंत्र झाला, पण आमच्या मुलखावर निजामाचंच राज्य होतं. रझाकारांची धास्ती गावोगाव पसरली. कुठे घरं जळाल्याची, कुठे माणसं मारल्याची बातमी येई. अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात लोक बैलगाड्या जुंपून हद्दीपलीकडे वाशीमकडे निघाले. माणिकराव घर राखायला मागे राहिले. सोनाजी आणि शकुबाई निघाले, तांड्यावरची माणसंही गुरं घेऊन निघाली. शकुबाईने कपड्यांच्या गाठोड्यात मला मधोमध ठेवलं होतं.

कनेरगावच्या अलीकडे गाडीवाटेवर निजामाच्या बंदूकवाल्यांनी चौकी बसवली होती. गाड्या थांबवून ते सामान उपसत होते. विळे, कुऱ्हाडी, खुरपी, जे काही धारेचं असेल ते काढून घेत होते. एका शिपायाने गाठोडं सोडलं आणि मला बाहेर काढलं.

शकुबाई घाबरून म्हणाली, "दादा, ते माझं शिवायचं हत्यार हाय."

शिपाई माझ्याकडे बघून म्हणाला, "हथियार है ना? तुमनेच बोला. हथियार नहीं जाएगा."

आपल्या भाषेत अवजारालाही हत्यार म्हणतात. त्या एका शब्दाने घात केला. शकुबाईने हात जोडले. पारुबाई काहीबाही बोलू लागली, तसं सोनाजीने तिला डोळ्यांनी गप्प केलं, कारण मागच्या गाड्यांत लेकरं होती आणि समोर बंदुका होत्या. शिपायाने मला चौकीच्या खोलीतल्या ढिगावर फेकलं. दार लागलं. गाडीच्या चाकांचा आवाज लांब लांब जात बंद झाला.

मित्रांनो, त्या खोलीत मी पावसाळाभर पडून होते. पत्र्यातून पाणी गळायचं. माझ्या अंगावर एक कुऱ्हाड होती आणि खाली कुणाचा तरी विळा. आम्ही सगळी कामाची माणसं, पण तिथे आम्हाला कुणी नाव विचारत नव्हतं. हळूहळू माझ्या पात्यांवर तांबडा गंज चढला आणि खिळा घट्ट झाला. मग एक वेळ अशी आली की मला कुणी उघडलं असतं, तरी मी उघडले नसते.

भादव्यात एका सकाळी बाहेर गलका झाला. निजामाची सत्ता संपली होती. चौकीतले बंदूकवाले पळून गेले होते. कुणीतरी दाराचं कुलूप दगडाने तोडलं आणि आत उजेड आला.

परतणारे लोक येऊ लागले आणि ढिगातून आपापली वस्तू शोधू लागले. ते पाहायला तुम्ही असायला हवं होतं. गंजलेली शेकडो खुरपी एकसारखी दिसत होती, पण प्रत्येकाला आपलं ओळखू येत होतं. कुणी दांड्याची गाठ चाचपून ओळखी, कुणी मुठीची झीज पाहून. एका म्हातारीने तर डोळे मिटून विळा हातात धरला आणि ती म्हणाली, "हाच."

शकुबाई पारुबाईला घेऊन आली. तिने कुऱ्हाड बाजूला केली, मला उचललं आणि मुठीत बोटं घातली. उघडायला गेली, पण मी हललेच नाही.

"ऱ्हाऊ दे वं," पारुबाई म्हणाली. "वाशीमची नवी कात्री हाय की."

"हाय," शकुबाई म्हणाली. "ती बी लागंल आन ही बी लागंल. हात किती वाढलेत आता."

ते खरं होतं. वाशीमला, गाव सोडून आलेल्यांच्या छावणीत शकुबाई स्वस्थ बसली नव्हती. आधी उसनी, मग विकत घेतलेली नवी कात्री आणि वाटपात मिळालेलं कापड घेऊन तिने लेकरांचे कपडे शिवले होते. तिच्याभोवती बसून छावणीतल्या कितीतरी बायका शिकल्या होत्या. हे मला परतीच्या गाडीत कळलं. दोघी आपापसात तेच बोलत होत्या. कोण कोणत्या गावची, कुणाचा हात कशात बसला आहे, दुकान थाटलं तर कोण कोण येईल.

घरी आल्यावर शकुबाईने माझ्या खिळ्यात करडईचं तेल सोडलं आणि मला उन्हात ठेवलं. मग विटेची पूड घेऊन ती घासत बसली. पुन्हा तेल, पुन्हा पूड. तिची बोटं लाल झाली. शेवटी खिळ्यातून एक करकर आवाज आला आणि माझी पाती एकमेकांपासून सुटली. लोहाराने धार लावून दिली. खड्डे मात्र राहिले. ते जायचे नाहीत.

माणिकरावांनी ढाळजेतली आपली बैठक उचलून आत नेली आणि ती जागा रिकामी करून दिली. आता तिथे रोज बायका जमतात. जवळा बाजारच्या आहेत, हट्ट्याच्या आहेत, पारुबाईच्या तांड्यावरची भिकाबाई आणि तिच्या दोन सुना आहेत. सोनाजीने शिवणाचं पायमशीन आणण्यासाठी हिंगोलीला निरोप धाडला आहे. काल एका नव्या सुनेने आयुष्यात पहिल्यांदा कापडाला कात्री लावली. शकुबाईने तिला नवी कात्री दिली नाही, मला दिलं. पोरीने भीत भीत पहिला काप घेतला आणि वर पाहिलं. शकुबाई म्हणाली, "थांबू नको. चालू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं अवजार कोनाड्यात गंजत पडलं असेल. आजच ते बाहेर काढा, पुसा, तेलाचे दोन थेंब द्या. पण पुसून पुन्हा कोनाड्यात ठेवू नका. घरात, शेजारात, गावात ज्या हाताला काही करायची ओढ आहे आणि ज्याला अजून कुणी काही दिलेलं नाही, तो हात शोधा आणि ते त्या हातात द्या.