सहा झेडचा एक शब्द

मी एकोणीस वर्षांची असताना एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागले. महिनाभराच्या बोलीवर. हात चालला तर कायम, नाहीतर मावशीकडे शर्टांना बटणं टाचायला जायचं, हे घरी ठरलेलंच होतं. माझा हात काही चालत नव्हता.

शेवटच्या आठवड्यात एक इंग्रजीचे मास्तर आले. शनिवारी ते शाळेतून निवृत्त होणार होते. मुलांना वाटण्यासाठी त्यांनी क्यू, एक्स आणि झेडचे चमत्कारिक शब्द अर्थासकट जमवले होते. बरोब्बर सोळा पानं. फोरमनला आम्ही सगळे मामा म्हणत असू. मामांनी ते कागद माझ्यापुढे टाकले. "शनिवारी पुस्तक नसेल, तर सोमवारी तूही नसशील."

क्यू झाले, एक्स झाले. झेडच्या पानावर मात्र अर्ध्यातच झेडच्या खिळ्यांचा खण रिकामा. झेन्झिझेन्झिझेन्झिक, म्हणजे एखाद्या संख्येचा आठवा घात. एकट्याने सहा झेड गिळले!

"मामा, झेड संपले."

"संपले? चघळलेस की काय?"

पानाला पन्नास झेड हवे होते, आमच्याकडे होते एकवीस. नवे खिळे यायला महिना लागणार. पानं वाढवावीत तर कागद कापून ठेवलेला. मामांनी मास्तरांना बोलावलं आणि म्हणाले, "पाचदहा शब्द गाळून टाका."

"त्यापेक्षा माझी बोटं छाटा," मास्तर म्हणाले.

मला राहवलं नाही. "अक्षरांप्रमाणे लावलेत म्हणून सगळे झेड एका पानावर आले. अर्थाप्रमाणे लावले तर? झार्फ म्हणजे बिनकानाचा गरम पेला धरायची धातूची वाटी. ती जाईल भांड्यांत. झॅक्सने छपराच्या दगडी फरश्या तोडतात, तो हत्यारांत. झिझिव्हा हा सोंडकिडा, त्याला किड्यांत टाकू. एक पान छापलं की खिळे सुटतील, तेच पुढच्या पानाला."

"आणि माझ्या अक्षरांची गंमत?" मास्तर कुरकुरले.

"ती मुलांना शोधू द्या की."

मास्तर हसले. मामा हसले नाहीत. "कुठला शब्द कशाचा, हे तुला कसं ठाऊक?"

मी जीभ चावली.

"तरीच! बाईसाहेब वाचत बसतात. अगं, अक्षर उचलायचं आणि पुढे जायचं. वाचलं की हात अडतो."

"हत्यारांत क्यूचा कॉइनही आहे, मामा," मी घाबरत म्हटलं. "पान चौकटीत आवळायची पाचर."

मामांच्या हातात तेव्हा तीच होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "हिचं नाव पुस्तकात? दाखव बघू."

दोन दिवस आम्ही तिघं ओळी उचलून इकडच्या तिकडे करत होतो. मास्तर कोट काढून बसले आणि शाईने बरबटले. शनिवारी दुपारी गठ्ठे शाळेत पोचले.

सोमवारी मी गेले, तर माझ्या जागेवर दुसराच माणूस. मामांनी खिडकीपाशी एक खुर्ची ओढली, तिच्यावर ओल्या शाईचे कागद ठेवले आणि म्हणाले, "इथे बसून चुका काढ. कायमचं काम आहे. खिळ्यांना हात लावलास तर याद राख."

पहिलाच कागद होता तो पाण्याच्या वेळांच्या पत्रकाचा. कंटाळवाणा. मी तो दोनदा वाचला.